नदीचें मूळ आणि टेंडराचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तींतील शहाणपण आम्हांस कधींच पुरतें पटलेलें नाहीं. मूळ शोधूं नका असें सांगणाऱ्याच्या मनांत बहुधा शोधाअंतीं कांहीं तरी अडचणीचें निघेल ही धास्ती असते; आणि ज्या थोरपणाला आपल्या उगमाची धास्ती वाटते तो थोरपणा उसना तर नव्हे, अशी शंका घेण्यास जागा राहते. आज ही म्हण आम्हांस आठवली ती एका निर्जीव वस्तूच्या संबंधांत. जतन करून ठेवलेल्या वाफेच्या इंजिनामागें जें टेंडर उभें असतें त्याचें कूळ शोधावें कीं न शोधावें, आणि शोधल्यावर जें हातीं येईल त्याचें काय करावें, हा तो प्रश्न होय.

टेंडर म्हणतांच ठेकेदारांचीं बंद पाकिटें ज्यांच्या डोळ्यांपुढें येतात त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे कीं, इंजिनाच्या पाठीशीं जोडलेली, कोळसा व पाणी वाहणारी जी गाडी, तिला रेल्वेंत टेंडर म्हणतात. इंजिनाला नांव असतें, त्याचीं छायाचित्रें निघतात, त्याच्या वेगाचे विक्रम नोंदले जातात. टेंडराकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं.

इंग्लंडांतील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाचें उदाहरण घेऊं. डॉन्कॅस्टरच्या कारखान्यांतून तें १९२३ सालीं बाहेर पडलें. १९२८ च्या मे महिन्यांत लंडन ते एडिंबरो हा ३९२ मैलांचा प्रवास कोठेंहि न थांबतां करणारी गाडी सुरू झाली. एकाच ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीनें आठ तास सलग राबणें अशक्य, आणि गाडी तर थांबावयाची नाहीं. म्हणून टेंडराच्या एका अंगानें पांच फूट उंच आणि दीड फूट रुंद असा बोळ काढण्यांत आला. अर्ध्या वाटेवर ताज्या दमाची जोडी डब्यांतून निघून, वांकून, त्या बोळांतून इंजिनावर येई आणि दमलेली जोडी त्याच वाटेनें मागें जाऊन बसे. आज या इंजिनामागें जें टेंडर आहे तें अशाच बोळाचें आहे. अर्थात् तें १९२३ चें नव्हे, हें समजण्यास दप्तर उघडण्याचीहि गरज नाहीं. तो बोळच साक्ष देतो. मध्यंतरीं त्यामागें बिनबोळाचें टेंडरहि लागलें होतें. १९६३ सालीं नोकरींतून मुक्त झालेलें हें इंजिन अ‍ॅलन पेगलर या गृहस्थानें विकत घेतलें, तेव्हां पुन्हां बोळाचें टेंडर आलें. आणि १९६६ सालीं, स्थानकांवरील पाण्याची सोय नाहींशी होऊं लागल्यामुळें, केवळ पाण्यासाठीं आणखी एक टेंडर त्यामागें लागलें. बॉयलराची कथा तर याहून लांब आहे.

यांत कोणी कोणास फसविलें असें मुळींच नाहीं. बॉयलराच्या दुरुस्तीस चाकें-सांगाड्याच्या दुरुस्तीहून अधिक काळ लागतो. तोंवर धडधाकट इंजिन रिकामें उभें ठेवणें कारखान्यास परवडत नाहीं. म्हणून जो बॉयलर तयार असेल तो चढवावयाचा, जें टेंडर तयार असेल तें जोडावयाचें, ही रीत. डॉन्कॅस्टरला टेंडरांना व बॉयलरांना त्यांचे स्वतःचे क्रमांक असत. सुट्या भागांवर इंजिनाचा आंकडा ठोकलेला असे. तेव्हां एका इंजिनाच्या अंगावर दोन-तीन इंजिनांचे आंकडे सांपडले तर नवल नाहीं. शोध करणारा मनुष्य या आंकड्यांवरचा रंग खरवडून, जुन्या नोंदींशीं ताडून, कूळ लावीत बसतो. हें काम आम्हांस कीर्तनकाराचें न वाटतां कुलकर्ण्याचें वाटतें, आणि तेंच त्याचें भूषण आहे.

भाग बदलत गेले तर वस्तु तीच राहते काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्हा’ंत नागसेन भिक्षु राजा मिलिंदाला विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे चाक, आंस कीं जूं? यांतील एकहि रथ नव्हे असें राजाच कबूल करतो, आणि रथ हें केवळ व्यवहाराचें नांव ठरतें. आमचे नैयायिक याच्या उलट. अवयवांहून अवयवी निराळा, हा त्यांचा हट्ट. परंतु त्या हट्टाची किंमतहि ते प्रामाणिकपणें मोजतात. वस्त्रांतील एक धागा निघाला कीं जुनें वस्त्र नष्ट झालें आणि उरलें तें नवें ‘खंडपट’, असें ते सांगतात. या हिशेबानें डॉन्कॅस्टरच्या कारखान्यानें किती इंजिनें मारलीं व किती जन्मास घातलीं याची गणती करावयास एखादा नैयायिकच बसवावा लागेल!

पुणेकरांस मात्र इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. १ जून १९३० रोजीं सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’चा वाढदिवस पुणें स्थानकावर दरवर्षीं साजरा होतो. तिचे मूळचे डबे १९६६ सालीं गेले. त्यांच्या जागीं आलेलेहि गेले. २०२२ सालीं पुन्हां नव्या बनावटीचे डबे आले. जिनें ती सुरू केली ती ‘जी. आय. पी.’ रेल्वेहि १९५१ सालीं मध्य रेल्वेंत विलीन झाली. तरी ‘ही तीच नव्हे’ असें म्हणून केक परत पाठविणारा प्रवासी आमच्या ऐकिवांत नाहीं, आणि तसें म्हणणारा पुण्यांतसुद्धां अरसिक ठरेल. कारण चालती गाडी ही एक वहिवाट आहे. वहिवाट चालू असेतों तिचें तेंपण टिकतें.

पण जतन केलेलें इंजिन चालण्यासाठीं नव्हे, सांगण्यासाठीं उभें केलेलें असतें. रुळांवर असतांना तें नोकर होतें, संग्रहालयांत आल्यावर तें साक्षीदार झालें; आणि साक्षीदाराला नोकराची सवलत मिळत नाहीं. मागच्या टेंडरासकट सगळा देह ‘१९२३’ या एका आंकड्याखालीं उभा करणें ही खोटी साक्ष होय. पाहणाऱ्यास काय फरक पडतो, असें कोणी म्हणेल. त्याला फरक कळत नाहीं म्हणूनच तर त्याचा विश्वास आपल्या हातीं आहे.

मग परकें टेंडर काढून टाकून जुन्या आराखड्याबरहुकूम नवें कोरें करावें काय? कित्येकांस हाच शुद्धतेचा मार्ग वाटतो. आमचा त्यास विरोध आहे. प्रतिकृतींत पाप नाहीं; कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयांतील चिमुकल्या गाड्या आपण खऱ्या असल्याचा आव आणीत नाहींत, म्हणून त्या निष्पाप आहेत. परंतु ज्या टेंडरानें इंजिनामागें खरोखर कोळसा वाहिला त्याला हांकलून, ज्यानें कधींच कांहीं वाहिलें नाहीं त्याला ‘मूळचें’ म्हणून बसविणें, म्हणजे ज्या कारागिरांनीं तें रात्रपाळींत जोडलें त्यांचा हात पुसून टाकणें होय. त्यांचीं नांवें कोणत्याहि पाटीवर नाहींत. ही जोडणी हीच त्यांची सही.

आपल्या धर्मशास्त्रानें या पेचाला एक उत्तर पूर्वींच शोधून ठेवलें आहे: दत्तविधान. दत्तक मुलगा याच घरांत जन्मला असें कोणी सांगत नाहीं. चारचौघांसमक्ष त्याला आणतात, त्याचें पहिलें घर सर्वांस ठाऊक असतें, आणि तरीहि तो घराचा पुरा वारस होतो. दुसऱ्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर १८५१ सालीं नानासाहेबांचें पेन्शन नाकारणाऱ्या कंपनी सरकारास हेंच कळलें नाहीं, कीं कळवून घ्यावयाचें नव्हतें. टेंडरहि दत्तक म्हणून नांदूं द्यावें. केळकर संग्रहालयांत मस्तानीचा महाल आहे. तो कोथरूडहून आणून येथें पुन्हां उभारला, हें तेथें लपविलेलें नाहीं, आणि त्यामुळें त्या लांकडी कामापुढें उभें राहणाऱ्याचा आदर तिळभरहि उणा होत नाहीं. इंजिनाच्या पाटीवरहि दोन ओळींची जागा असतेच: इंजिन अमुक सालचें, टेंडर तमुक सालचें, पूर्वीं अमक्या इंजिनामागें असलेलें. यापुढें शोधांत नवें कांहीं निघालें, तर पाटी पुन्हां रंगविण्यास फारसा खर्च येत नाहीं.