पात्र कोणास म्हणावे?

सप्ताहाच्या निमित्ताने आमचे गावोगाव जाणे होते. कीर्तन आटोपून बिऱ्हाडी येऊन बसलो म्हणजे हल्ली एक प्रश्न हमखास पुढे येतो. कोणी बाप येतो, त्याच्या मागे मुलगा खाली मान घालून उभा असतो. 'महाराज, ह्याला चार शब्द सांगा. बारावी झाला, शेतात पाय ठेवीत नाही, नोकरीचे नाव काढीत नाही. म्हणतो, मुंबईस जाईन अन् नट होईन.' कधी मुलगी असते, तिला गायिका व्हावयाचे असते. कोणास चित्रपटाच्या कथा लिहावयाच्या असतात. मोबाईलवर एखादे रील करून टाकले, लोकांनी वाहवा केली, आणि तेव्हापासून रात्रीची झोप उडाली. बाप म्हणतो, हे खूळ आहे. मुलगा म्हणतो, हीच माझी साधना आहे. निवाडा आम्ही करावा, अशी दोघांची अपेक्षा असते.

वाचकहो, हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. त्यात एका जीवाचे उभे आयुष्य गुंतलेले असते आणि एका घराची मीठभाकरीही गुंतलेली असते. म्हणून शास्त्राच्या रीतीने आधी दोन्ही पक्ष ऐकून घेऊ, मग सिद्धान्ताकडे वळू.

पहिला पक्ष वडिलांचा. त्यांचे म्हणणे असे की, नाचगाणे हे भल्या घरचे काम नव्हे. ह्या पक्षास भरतमुनींचे नाट्यशास्त्र उत्तर देते. इंद्रादी देवांनी ब्रह्मदेवास विनविले की, डोळ्यांनी पाहावे व कानांनी ऐकावे असे काही तरी द्या, आणि ते सर्व वर्णांना खुले असू द्या. तेव्हा ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य घेतले, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन पाचवा वेद निर्माण केला. ज्या विद्येचे कूळ हे, तिला हलकी कोण म्हणेल? पण त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे दुसरी कथा आहे. भरताच्या पुत्रांस विद्येचा ताठा चढला. ते ऋषींचीच थट्टा करणारी प्रहसने करू लागले आणि शाप घेऊन बसले. ग्रंथकाराने आपल्याच घराण्याची फजिती झाकली नाही, ही मोठी गोष्ट आहे. विद्या वंदनीय आहे आणि ती धारण करणारा घसरू शकतो, ह्या दोन्ही गोष्टी आमच्या पूर्वजांनी एकाच पोथीत लिहून ठेवल्या.

दुसरा पक्ष मुलाचा. तो म्हणतो, 'मला आवडते, अंगात गुण आहे, म्हणून हाच माझा स्वधर्म.' बरे बाबा, पण तुला नेमके काय आवडते? येथे आम्ही जरा खोदून विचारतो, कारण 'कला आवडते' ह्या दोन शब्दांत दोन निरनिराळ्या इच्छा एकाच खोलीत बिऱ्हाड करून राहिलेल्या असतात. एक इच्छा काम करण्याची, दुसरी आपण दिसण्याची. दुसरी इच्छा पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. मम्मटाचार्यांनी काव्यप्रकाशात काव्याची सहा प्रयोजने सांगितली. त्यांत यश पहिले मांडले आणि धन दुसरे. कालिदासाला यश मिळाले, धावकाला श्रीहर्षाकडून धन मिळाले, अशी उदाहरणेही दिली. आचार्यांना ह्यात लाज वाटली नाही, तर आपण का वाटून घ्यावी? परंतु सर्व प्रयोजनांचा मुकुटमणी कोणता म्हणाल, तर रसाच्या आस्वादाबरोबर तत्क्षणी उसळणारा आनंद, असे त्यांनीच सांगून ठेवले. यश आणि धन दारातून आत यावेत, पाटावर मात्र तो आनंद बसावा, असा हा क्रम आहे.

आता सिद्धान्त. हा रस असतो कोठे? राजाचे काम करणाऱ्या नटात असतो काय? आमच्या साहित्यशास्त्रात ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. काश्मीरच्या अभिनवगुप्ताचार्यांनी सांगितले की, रस नटात नाही. नट हे रस चाखण्याचे साधन आहे, म्हणूनच त्याला 'पात्र' म्हणतात. पेल्यात भरलेले पेय पेला थोडेच पितो? आचार्यांनी दृष्टान्त मद्याचा दिला आहे. आमचे वाचक माळकरी, तेव्हा आपण दुधाचा पेला धरू; सिद्धान्तास बाध येत नाही. पेला दूध धरतो, पिणाऱ्याच्या ओठांपर्यंत नेतो आणि शेवटी रिकामा होऊन घासावयास जातो. आपल्या मराठीत नाटकातल्या भूमिकेला पात्र म्हणतात, भांड्याला पात्र म्हणतात, आणि लायक माणसालाही पात्र म्हणतात. तिन्ही अर्थ एका शब्दात उगाच आलेले नाहीत. जो भांडे व्हावयास तयार, तोच भूमिकेस लायक.

मुंबईचे स्वप्न पाहणाऱ्या पोराला ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते. त्याला वाटते, आपण तेथे जाऊन दूध पिणार आहोत. कित्येकांना तर वाटते, आपणच दूध आहोत.

पात्र होणे म्हणजे काय ते पाहावयाचे तर दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आठवावा. हा चित्रपट 1913 साली मुंबईत लागला. तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना. शेवटी खाणावळीत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे 1917 सालच्या 'लंका दहन'मध्ये ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढीत, असे सांगतात. त्या लोकांनी नमस्कार घातला तो रामाला. साळुंके भांडे झाले म्हणूनच राम लोकांपर्यंत पोहोचला.

दुसरे उदाहरण बालगंधर्वांचे. 1911 साली 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. तरी प्रयोग झाला आणि ते भामिनी होऊन उभे राहिले. प्रेक्षकांनी शृंगार चाखला, हास्य चाखले. भांड्याच्या आत काय जळत होते ते भांड्यालाच ठाऊक. सर्वांनी असेच वागावे असे आम्ही म्हणत नाही. घरात प्रेत असता रंगभूमीवर जावे की नाही, ह्यावर दोन मते होऊ शकतील. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्याला मुलगा मौज समजतो, त्या धंद्यात आपल्या सुखदुःखाला पहिला मान नसतो.

तिसरे उदाहरण आम्हां वारकऱ्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1936 साली 'संत तुकाराम' काढला. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस त्यात तुकोबा झाले होते. त्या चित्रपटातले बीज आणि अंकुर ह्यांच्या दृष्टान्ताचे पद शांताराम आठवले ह्यांनी लिहिलेले आहे. पण ते इतके एकजीव झाले की, आजही कित्येक लोक ते तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात. आठवल्यांची ह्यात हानी झाली की धन्यता? नावाचा हव्यास असता तर हानीच म्हणावी लागेल. आम्हांस ती धन्यता वाटते. मात्र त्यांचे नाव ठाऊक असलेल्याने ते आवर्जून सांगावे; विसरून जाणे हा लिहिणाऱ्याचा गुण झाला, तरी ऐकणाऱ्याला तो शोभत नाही.

येथे कोणी शंका काढील की, संतांनी तर प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले, त्याचे काय? शंका रास्त आहे. पण ते नाव दुकानावरच्या पाटीसारखे नाही, ते कर्जरोख्यावरच्या सहीसारखे आहे. 'हे मी बोललो, ह्याचा जाब मला विचारा' असा त्याचा अर्थ. तशी सही करावयाची तयारी असेल, तर नावाची इच्छा कोणीही खुशाल धरावी.

आता भांड्याचीच गोष्ट पुढे नेऊ. पितळेच्या पातेल्याला कल्हई नसली तर त्यात ठेवलेले ताक कळकते. ताक चांगले असते, पातेले चांगले असते, तरी पिणाऱ्याला बाधते. कलावंताच्या अंगी विनय ही कल्हई होय. ती एकदा लावून भागत नाही. वापराने झिजते, पुन्हा लावावी लागते. आणि काम नसले तरी भांडे रोज घासावे लागते. मुंबईत ऑडिशन देत फिरणाऱ्या पोरांचे पुष्कळसे दिवस वाट पाहण्यात जातात. त्या दिवसांत आवाज, वाचन, भाषा, शरीर ह्यांचा रियाज चालू असेल तर ते दिवस फुकट गेले असे म्हणू नये. नुसता मोबाईल चोळीत बसला असेल तर, बाबा रे, ती साधना नव्हे.

एक गोष्ट मात्र फार जपून सांगावयाची आहे. आपण स्वतः भांडे होणे निराळे, आणि आपल्या स्वप्नासाठी घरातली भांडी मोडीत काढणे निराळे. फाळक्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्या माउलीने सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोके पाडण्याचे व रसायने कालविण्याचे काम शिकून घेतले, हे विसरतो. तिला विचारले होते, ती त्या कामात उतरली होती. तो दोघांचा यज्ञ होता. आज ज्या पोराच्या नावावर बाप दोन एकर विकतो आणि आई रात्री उशी ओली करते, तेथे यज्ञ कोणाचा आणि बळी कोणाचा, हे पोराने स्वतःस विचारावे. दुसऱ्याच्या त्यागावर उभारलेली साधना शास्त्राला मान्य नाही. आणि फाळक्यांच्याही शेवटच्या दिवसांत वैभव नव्हते. 1944 साली ते नाशिकला वारले तेव्हा चित्रपटाचा धंदा त्यांना जवळजवळ विसरला होता; त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 साली सुरू झाला. फळ मिळेलच असे नाही, मिळाले तरी आपल्या हयातीत मिळेल असे नाही. हा हिशेब आधी घरच्यांसमोर मांडावा आणि मग त्यांचा होकार मागावा.

ह्यावरून वडिलांस आमचे सांगणे असे. मुलाला दरडावून थांबवू नका. थांबविलेला मुलगा शेतात उभा राहतो खरा, पण मन तेथे नसते, आणि जन्मभर तुम्हांस दोष देतो. त्याला दोनतीन वर्षांची मुदत द्या. जमीन मात्र विकू नका. पुण्यास प्रभातच्याच जागेत 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, दिल्लीस 1959 पासून राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. रीतसर परीक्षा देऊन शिकण्याची वाट आहे हे त्याला दाखवा. एक मोठी खूणही ध्यानात ठेवा. काम देणारा मजुरी देतो. जो काम देण्याआधी तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याच्या दारातून माघारी फिरावे.

मुलांस सांगणे असे. पडद्यावर दिसतो तो एक, मागे दिवे धरणारा, आवाज टिपणारा, रंग लावणारा, तुकडे जोडणारा असे शेकडो. दिंडीत वीणा एकाच्या गळ्यात असते म्हणून टाळकरी वारीला येत नाहीत काय? ह्या शेकडोंतले एक होण्यास मन कबूल होत असेल, तर समजावे की तुम्हांस काम आवडते. हाती एखादे कसब घेऊन जा, म्हणजे पोटासाठी भलत्यापुढे वाकावे लागणार नाही. मजुरी मागावयास लाजू नका. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी गीत लिहिणाऱ्यास व संगीत देणाऱ्यास, चित्रपटगृहाबाहेर त्या कृतीचा वापर झाल्यास उत्पन्नाचा वाटा मिळावा, असा हक्क त्यांना मिळाला. असले कागद वाचून मगच सही करावी. विनय म्हणजे फसवून घेणे नव्हे. आणि मुदत सरली, काम मिळाले नाही, तर ताठ मानेने घरी या. गावाच्या भजनात चांगला गळा, शाळेच्या स्नेहसंमेलनात चांगला शिकविणारा, ह्यांची वाण कधीच संपलेली नाही. जे शिकलात ते येथेही चार लोकांच्या ओठी लागेल.

शेवटी आमच्या कीर्तनकार मंडळींसही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. आपणही उभे राहतो, गातो, हातवारे करतो, लोकांना हसवितो, रडवितो. हल्ली कीर्तनाचेही रील निघते आणि किती जणांनी पाहिले त्याचा आकडा मोजला जातो. दूरच्या माणसाला ऐकावयास मिळते, हे चांगलेच. पण आकडा पाहून अभंग निवडू लागलो, टाळी मिळेल तेथेच थांबू लागलो, तर त्या मुंबईच्या पोराला उपदेश करण्याचा आपला अधिकार संपला. तो बिचारा उघड सांगतो की, मला नाव हवे. आपण तेच मागतो आणि विठोबाचे नाव पुढे करतो. तेव्हा पुढचा बाप आपल्या मुलास घेऊन आला, म्हणजे आधी आपले पातेले उजेडात धरून पाहावे, कल्हई शिल्लक आहे की नाही, आणि मगच त्याच्या मुलाला पात्रतेची गोष्ट सांगावी.