कोळशाची गिटार

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी गिटार टांगलेली आहे. ती माझ्या थोरल्या भावाची. १९८६ साली दादाला नोकरी लागली आणि पहिल्या पगारात आईला लुगडं आणायचं सोडून तो ही गिटार घेऊन आला. संध्याकाळच्या विरार लोकलमधून गिटार अखंड वसईला उतरवणं ही त्याच्या संगीतसाधनेतली पहिली आणि, आईच्या मते, शेवटची सिद्धी. आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढे तो गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला तेव्हा तीच आई शेजारणीला कोपराने ढोसून सांगायची, "तो डावीकडचा आमचा." डिसेंबरात त्याला चर्चच्या क्वायरमधून बोलावणं येई. आमच्या आळीत गिटारवाले मोजून चार. चौघांनाही दोन्हीकडे मागणी होती आणि दोन्हीकडचा फराळ वेगळा असल्यामुळे चौघेही दोन्हीकडे जात.

दादा २०१६ साली गेला. मला गिटार येत नाही. मी कॉमर्स ग्रॅज्युएट. माझ्या बोटांना येणारी एकमेव कला म्हणजे नोटा मोजणं, आणि तीसुद्धा आता मशीन करते. तेव्हा गिटारीवरची धूळ पुसणं एवढीच माझी संगीतसेवा.

गेल्या जुलैत दादाचा मुलगा न्यू जर्सीहून आला तो पाठीला एक काळी गिटार अडकवून. काळी म्हणजे छत्रीसारखी काळी. सौ.ने तिच्यावर टिचकी मारून पाहिली. माठ घेताना मारतात तशी.

"कशाची रे ही?"

"कार्बन फायबर, काकू."

"म्हणजे कोळशाचीच की!"

तो हसला. आमची कन्या सायन्सला आहे. ती म्हणाली की आई चुकलेली नाही. एक कृत्रिम धागा हवा लागू न देता हजार डिग्रीच्या वर भाजत नेतात. बाकी सगळं उडून जातं आणि कार्बन तेवढा उरतो. ते धागे रेझिनमध्ये बसवले की झाली गिटार. सौ.ने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण रसायनशास्त्राने तिची बाजू घेण्याची ही पहिलीच वेळ.

या काळ्या गिटारीचा मोठा गुण म्हणजे तिला पावसाचं भय नाही. अशा गिटारी करणारी एक नावाजलेली कंपनी हवाई बेटांवर निघाली. जॉन डेकर नावाच्या इंजिनियरने ती काढली, नाव 'रेनसाँग'. तिथल्या दमट हवेत लाकडी गिटारी टिकेनात, म्हणून त्याने लाकूडच रद्द केलं. हे ऐकून मला त्या गृहस्थाबद्दल आपुलकी वाटली. तो वसईत राहिला असता तर हेच काम त्याने दहा वर्षं आधी केलं असतं. आमच्याकडे जून लागला की मिठाच्या बरणीत समुद्र होतो, पापडाचं फडकं होतं, आणि न्हाणीघराचा दरवाजा बंद केला तर उघडत नाही आणि उघडा राहिला तर बंद होत नाही. गिटार म्हणजे तरी काय, तारा लावलेला पातळ दरवाजाच. लाकूड हवेतलं पाणी पितं, फुगतं, सरस सुटतो, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलून निघतात. तिकडे न्यू जर्सीत उलटं. हिवाळ्यात घरं तापवली की हवा कोरडी पडते आणि लाकडाला भेगा जातात. म्हणून बापाची गिटार पुतण्याने कधी तिकडे नेली नाही.

आणि इथे मी ती किती सांभाळली म्हणता? २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात होता, गाड्या बंद होत्या, तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं. मी पासबुकं वाचवली, टीव्ही वाचवला, लोणच्याची बरणीसुद्धा वाचवली. गिटार पलंगाखाली होती. तिसऱ्या दिवशी बाहेर काढली तर मागची फळी सालीसारखी सुटून आलेली. शेजारच्या सुताराने फडताळातून उरलेलं प्लायवूड कापून, फेविकॉल लावून, वर वीट ठेवून ती पूर्ववत केली. दादाचा एक क्वायरमधला मित्र ती बघायला आला आणि मयताला बसावं तसा पाच मिनिटं मुकाट्याने बसून गेला.

ही हकिगत मी पुतण्याला सांगितली नव्हती. उलट, त्याची गिटार पाहून मी काय म्हणावं? मी म्हणालो, "सगळं खरं रे, पण लाकडाची सर नाही."

हे वाक्य आमच्या वयाच्या माणसाच्या तोंडात तयारच असतं. मिक्सरला पाट्याची सर नाही, गॅसला चुलीची सर नाही. ते बोलणारा कधी पाट्यावर बसलेला नसतो. सौ. हे मला वेळोवेळी सांगत आली आहे. या वेळी तिने नुसतं पाहिलं.

"काका, डोळे मिटून ओळखाल?" पुतण्याने विचारलं.

आता वास्तविक इथे मी पोट बिघडल्याचं सांगून उठायला हवं होतं. पण बँकेतला माणूस कानाचा अभिमानी असतो. आमच्या लहानपणचा रुपया दगडावर टाकला की खणकन बोलायचा. १९९२ पासून तो स्टेनलेस स्टीलचा झाला आणि चमच्यासारखा वाजायला लागला, तरी गल्ल्यात नाणं पडलं की न बघता किंमत सांगणारे लोक मी पाहिले आहेत. मी म्हणालो, "बांध डोळे."

डोळ्यांवर माझाच टॉवेल आला. पुतण्याने कन्येला दिवा घालवायला सांगितला. हा काय चावटपणा, असं मला वाटलं, पण ती शास्त्रीय रीतच निघाली. कन्येनेच नंतर सांगितलं की इंग्लंडमध्ये लँकेस्टरच्या संशोधकांनी सहा गिटारी एकसारख्या बनवून घेतल्या, फक्त मागचं आणि बाजूचं लाकूड वेगवेगळं. कुठे महागडं शिसव, कुठे अक्रोड, कुठे महोगनी. मग ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचे काळे गॉगल चढवून त्या वाजवायला लावल्या. सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण पडले. हे २०१८ साली छापून आलं, म्हणजे इकडे आमची गिटार पोहत होती त्याच वर्षी. त्याच्याही आधी, १८६२ साली, तोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिराने पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केलेली गिटार बनवली होती. म्हणणं एवढंच की आवाजाचा कारभार पुढच्या फळीकडे असतो. तार एकटी काय वाजणार? ती घोडीला हलवते, घोडी फळीला, आणि फळी हवेला. म्हणजे आमच्या सुताराचं प्लायवूड तोरेसच्या घराण्यातलं ठरलं. क्वायरवाल्या मित्राला हे कळवायला हवं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी बाहेर पाऊस होता, दिवा घालवलेला होता, आणि पुतण्याने ती धून सुरू केली. लोडशेडिंग झालं की दादा ओटीवर बसून एक धून वाजवायचा. चार गाण्यांतून उचलून जोडलेली असावी, कारण ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्यालाही ठाऊक नसे. दिवे आले की थांबायची. एका गिटारीवर झाली, मग दुसरीवर. पहिलीचा आवाज मला स्वच्छ वाटला, जरा जास्तच स्वच्छ. दुसरी सुरू झाली आणि मला ओटी दिसली, आईचा कंदील दिसला, डासांची अगरबत्ती दिसली. टॉवेल ओला झाला. मी म्हणालो, "ही. ही दादाची."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग पुतण्या म्हणाला, "हो काका."

जाताना त्याने काळी गिटार कन्येसाठी ठेवली. तो गेल्यावर आठवडाभर मी बँकेत सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. रक्ताची ओढ, लाकडाचा प्राण वगैरे शब्द वापरले. पासबुक भरायला आलेल्या दोन पेन्शनरांचे डोळे पाणावले. आणि रविवारी कन्या म्हणाली, "बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू? दुसरी काळी होती."

मी रागावलो नाही. मी विचारलं, "मग तो हो का म्हणाला?"

"तुम्ही टॉवेल काढला असतात तर तुम्हीही म्हणाला असतात," कन्या म्हणाली.

माझी अडचण तुमच्या लक्षात आली का? चुकीच्या गिटारीवर रडलेलं रडू खरं की खोटं? मी हे आमच्या हेडकॅशियरसाहेबांपुढे ठेवलं. हा माणूस भावनेच्या भरात कधी सापडलेला नाही. ते म्हणाले, "खोटी नोट आली तर आपण काय करतो? शिक्का मारतो, जप्त करतो, पावती देतो. आणणाऱ्याने ती खरी समजून आणली असली तरी परत देत नाही. हुबेहूब असली तरी नाही."

नियम बरोबर आहे. नोट कितीही हुबेहूब असो, ती रिझर्व्ह बँकेतून आलेली नसली तर खोटी. डबा खाताखाता मी ते रडू जप्त करायला निघालोच होतो. पण भात संपेपर्यंत मला शंका आली. खोट्या नोटेवर गव्हर्नरची सही असते, वचन असतं. ती तोंडावर खोटं बोलते. काळी गिटार काय बोलली? ती तर आल्यापासून आपण काळ्या आहोत हे सांगत होती. लाकडाचं सोंग तिने घेतलंच नव्हतं. खोटी नोट छापली ती पुतण्याने, दोन शब्दांची. तीही मला फसवायला नव्हे, मला वाचवायला. आणि ती आठवडाभर बँकेत खपवली कोणी? मी. आता तर जाणूनबुजून खपवतो आहे, कारण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी त्याला अजून काही बोललेलो नाही. तो विचारतो, "बाबांची गिटार बरी आहे ना?" मी म्हणतो, "उत्तम." प्लायवूडचा विषय अजून निघालेला नाही. तेव्हा या व्यवहारात दोन्ही पक्षांची खाती सारखीच आहेत.

मग मी रडलो कशाला, याचा शोध घेतला. पुतण्याचा डावा हात एका जागी किंचित उशिरा घसरतो. दादाचाही घसरायचा. ती चूक होती. दादाचा मित्र त्यावरून त्याला नेहमी टोकायचा. पहिल्या खेपेला, लाकडी गिटारीवर, तारा वर आलेल्या असल्यामुळे पोराला तसं घसरता आलं नसणार. काळीवर आलं. म्हणजे मी हात ओळखला आणि नाव लाकडाचं घेतलं.

तर मग लाकडी गिटार भिंतीवर हवी कशाला, हा सौ.चा प्रश्न. कोळ्यांची जाळी होतात, आणि ती काढते कोण? याला मला उत्तर सुचत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी लांबलांबच्या देवळांत नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे. धातू तोच, आवाज तोच. इथे तिच्या आवाजावर माणसं क्रूस करत असतील, तिथे हात जोडत आली. घंटेला विचारलं तर ती काय सांगेल? पण ती उतरवून तिच्या जागी तशीच नवी टांगतो म्हटलं तर नाशिककर ऐकणार नाहीत, आणि कान मिटून परीक्षा घ्या असं म्हणण्याची तर कोणाची छातीच होणार नाही.

दादाच्या गिटारीवर, भोकाच्या खाली, पॉलिश उडून एक फिकट डाग पडला आहे. दादाचा तळहात तीस वर्षं तिथे घासायचा. काळ्या गिटारीवर कन्या गेले सहा महिने रोज तासभर बसते. तिच्यावर ओरखडासुद्धा नाही. हा तिचा गुणच आहे, मी नाकारत नाही. शिसवाच्या झाडांचे हाल होऊन २०१७ साली साऱ्या जगाला त्या लाकडाच्या व्यापारावर बंधनं घालावी लागली, हेही कन्येने ऐकवलं आहे. कोळशाच्या गिटारीसाठी झाड पडत नाही. पण तो धागा येतो पेट्रोलच्या घराण्यातून आणि ती मोडली तर चुलीतही घालता येत नाही, हे मी ऐकवलं. बरोबरी झाली.

पावसाळ्यासाठी मी बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून लाकडी गिटारीच्या पोटात टाकल्या. आता ती हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. कन्येने सुताराकडून घोडी घासून घेतली, तारा खाली आल्या, आणि हल्ली कधीकधी ती बापाला न विचारता भिंतीवरून ती गिटार काढते. संध्याकाळी मी बँकेतून येतो तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं आणि आत तीच धून चाललेली असते, उशिरा घसरणाऱ्या बोटासकट. ते तिला कोणी शिकवलं कोणास ठाऊक.

परवा बाहेरच्या खोलीतला दिवा गेला होता, भिंत दिसत नव्हती. सौ. चहा घेऊन आली, कान देऊन थांबली आणि म्हणाली, "अहो, ही कुठली वाजवतेय? बघू का?"

मी म्हणालो, "राहू दे. चहा दे."