सोबत आणि सामान

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्येने आठ दिवसांसाठी एकटीनेच हंपीस जावयाचे ठरविले. बेत ऐकताच माझ्या तोंडून दोन प्रश्न निघाले. पहिला, "सोबत कोण?" आणि दुसरा, "एवढ्या दिवसांचे सामान उचलणार कोण?" पहिल्यास तिने "कोणी नाही" असे उत्तर दिले, दुसऱ्याचे उत्तर म्हणून खांद्यावरची एक पिशवी दाखविली. मग शांतपणे विचारले, "बाबा, दादा दिल्लीला गेला तेव्हा त्याला हे विचारलं होतं का तुम्ही?" मी विचारले नव्हते. त्या वेळी "पैसे पुरतील ना?" एवढीच माझी चौकशी होती. तीस वर्षे वर्गात तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसास निरुत्तर होण्याची सवय नसते. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे मला भाग पडले.

माझे दोन्ही प्रश्न काही नवे नव्हते. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रातील नेली ब्लाय या तरुण बातमीदार बाईंनी ऐंशी दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कल्पना मांडली, तेव्हा पत्राच्या व्यवस्थापकांनी नेमक्या याच दोन अडचणी काढल्या होत्या. स्त्रीला संरक्षक लागेल, आणि तिच्याबरोबर इतके सामान असेल की गाड्या-बोटी बदलताना खोळंबा होईल! पुढे 14 नोव्हेंबर 1889 रोजी बाई निघाल्या, त्या अंगावरचा एक पोशाख, एक जाड कोट आणि हातातील एकच पिशवी घेऊन. पिशवीत बदलावयाची अंतर्वस्त्रे, सुई-दोरा, दौत, लेखण्या, कागद अशा वस्तू होत्या. चेहऱ्यास लावावयाच्या क्रीमची एक बरणीही होती. ती बरणीच काय ती पिशवी मिटू देत नसे, अशी त्यांची तक्रार आहे. पिस्तूल बरोबर घेण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. पैसे मात्र दोन ठिकाणी विभागले. सोन्याची नाणी खिशात आणि नोटा गळ्यातील चामड्याच्या पिशवीत. 72 दिवसांनी, 25 जानेवारी 1890 रोजी, त्या परत पोहोचल्या. वाटेत सिंगापुरास मोह न आवरून त्यांनी एक माकड विकत घेतले, ही गोष्ट वेगळी. संग्रहाची वासना थोरांसही पुरती सुटत नाही.

आपल्याकडे त्याआधी सहा वर्षे, 1883 साली, आनंदीबाई जोशी पतीवाचून अमेरिकेस वैद्यक शिकावयास निघाल्या. एकटीच का जातेस, हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान देऊन त्यांना त्याचे उत्तर द्यावे लागले.

सोबत आणि सामान या दोन अडचणी वरवर निराळ्या दिसतात. विचारांती त्या एकच ठरतात. जिला आपले ओझे उचलता येत नाही, तिला ते उचलणाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागते. हमाल, रिक्षावाला, मदतीस धावणारा सहप्रवासी यांपैकी सज्जन कोण, हे पारखण्यास तिला उसंतच मिळत नाही. उलट, हात मोकळे असले म्हणजे नको त्या जागेवरून तत्काळ उठता येते, डबा बदलता येतो, 'नको' म्हणून चालू लागता येते. अपरिग्रह हा आपण यतिधर्म मानीत आलो; प्रवासी स्त्रीस तो स्वातंत्र्याचा साधा व्यवहार आहे.

यावर कोणी म्हणेल, मुलगा आणि मुलगी यांना धोका सारखा नाही. मग प्रश्न तरी सारखे कसे असावेत? आक्षेप खरा आहे, आणि बापाच्या पोटातील भीती तर्काने जात नाही. परंतु या विषमतेतून निष्कर्ष कोणता काढावयाचा? सावधगिरी हवी, हा निष्कर्ष रास्त आहे. नव्या गावी उजेडी पोहोचावे, मुक्कामाचा पत्ता घरी ठेवावा, 112 हा आणि रेल्वेचा 139 हा क्रमांक पाठ असावा, आणि मनास खटकताच भिडेस न पडता तेथून निघावे. मात्र 'म्हणून जाऊच नये' हा निष्कर्ष यातून निघत नाही. तसे म्हणणे म्हणजे अपराध्याचा दंड निरपराधी स्त्रीकडून आगाऊ वसूल करणे होय. शिवाय घरी राहिल्याने अभय मिळते, हे गृहीतही टिकत नाही. बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असे सरकारी अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

या बाबतीत 1989 चा रेल्वे कायदा मला आपल्या घरांहून शहाणा वाटतो. बिनतिकीट प्रवास करणारी स्त्री एकटी असली, तर तिलादेखील रात्री, वाटेल त्या स्थानकावर गाडीतून उतरविता येत नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. स्त्रीने रात्री प्रवास करू नये, असे तो कायदा म्हणत नाही. अधिकार ज्याच्या हाती, त्याच्यावर तो बंधन घालतो.

हे सारे मला पटले होते, तरी निघण्याच्या आदल्या रात्री मी तिच्या पिशवीत गुपचूप काही वस्तू भरल्या : एक जाड शाल, मोठी विजेरी, साखळी-कुलूप, औषधांचा डबा आणि तिच्या आईने केलेले लाडू. सकाळी तिला स्थानकावर सोडून घरी येतो, तो लाडवांखेरीज सारे काही माझ्या मेजावर नीट मांडून ठेवलेले! ते आठ दिवस मला फार जड गेले, हे कबूल केले पाहिजे. पण ते ओझे माझे होते. ते मीच वाहावयाचे होते. मुलीच्या खांद्यावर देण्याचा मला अधिकार नव्हता.