जपायचे कुणी?

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. माझे काही विद्यार्थी आजही सायकलनेच शाळेत येतात. ‘डावीकडून जा, जपून जा,’ हा माझा ठरलेला उपदेश. परवा एकजण हात गळ्यात अडकवून आला. म्हणाला, “सर, मी डावीकडूनच होतो. उभ्या मोटारीचे दार एकदम उघडले.”

मी ओशाळलो. आदल्याच रविवारी मित्राच्या मोटारीतून उतरताना मीही मागे न पाहता दार ढकलले होते. आणि थोडक्यात वाचलेल्या सायकलस्वारालाच बोल लावला होता!

दुबळ्याला सावधगिरी शिकवणे सोपे. पण ज्याच्या हातून इजा होऊ शकते, जपायचे आधी त्याने. आता उजवीकडचे दार मी डाव्या हाताने उघडतो. अंग आपोआप वळते, नजर मागे जाते. धडा मी शिकलो. फी मात्र त्या मुलाने भरली.