शेकोटी कोणी पेटविली?

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २७:२१-३७, २८:१-१०



गेल्या वर्षी सुटीत आम्ही सहकुटुंब पेडणे तालुक्यातील कोरगावी राहिलो होतो. परतीच्या दिवशी मोपा विमानतळावर पोहोचलो, तो आमचे विमान रद्द! दुसरे विमान दोन दिवसांनी. रविवारी आमच्या मंडळीत उपदेश माझ्याकडे होता. खिडकीपाशी बसलेल्या मुलीवर मी सारा राग काढला. ती माझ्या भाचीएवढी. विमान काही तिने रद्द केले नव्हते. तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि तरीही बोलतच राहिलो.

रात्री आम्ही पुन्हा कोरगावच्या त्याच घराच्या दारात उभे राहिलो. घरची बाई ख्रिस्ती नव्हे. “आधी पेज घ्या, विमानाचे मागून पाहू,” एवढेच ती म्हणाली. जेवताना तिने मार्च २०२० ची आठवण काढली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशातील प्रवासी विमाने थांबली, ती २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यांवर सुटीसाठी आलेले परदेशी पाहुणे अडकून पडले. पुढे खास विमानांनी त्यांना दाबोळीहून नेण्यात आले. “तुमचे तर दोनच दिवस,” ती हसून म्हणाली. मी खाली मान घातली.

त्या रात्री मी वरील शास्त्रभाग वाचला. पौल बंदिवान होता. क्रेत सोडू नका, हा त्याचा सल्ला कोणी ऐकला नव्हता. वादळात त्याने ही चूक बोलून दाखविली, हे खरे. पण तो तेथेच थांबला नाही. त्याने सर्वांना धीर दिला, चौदाव्या दिवशी भाकर मोडली आणि २७६ जणांना अन्न घ्यावयास लाविले. मी मात्र चूक दाखविण्यापाशीच थांबलो होतो, आणि तीही भलत्याच माणसाला.

जहाज फुटून सारे बेटावर आले. पाऊस आणि थंडी होती. शेकोटी कोणी पेटविली? ज्यांनी सुवार्ता ऐकली नव्हती, त्या बेटकरांनी! हे कोण, कोठले, त्यांनी विचारले नाही. आणि पौल काय करीत होता? मी प्रेषित आहे, माझे काम रोमात आहे, असे म्हणत तो बसला नाही. त्याने काटक्या गोळा केल्या. त्या बेटावर तीन महिने गेले; तेवढ्यात किती आजारी बरे झाले! अडकलेले दिवस देवाच्या हिशेबात वाया गेले नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी त्या बाईच्या विहिरीचे पाणी शेंदले. माझ्या काटक्या तेवढ्याच. रविवारी आमच्या मंडळीत एका वृद्ध शिक्षकांनी उपदेश केला, आणि तो चांगला झाला, असे मागून कळले. त्या मुलीची क्षमा मागावयास मात्र मी विमानतळावर गेलो, तेव्हा खिडकीपाशी दुसरेच कोणी होते. ते ऋण माझ्यावर राहिले आहे.

बंधूंनो, आपली वाट अडते तेव्हा आपला विश्वास आपल्या जिभेवर प्रथम दिसतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एवढे विचारावे : तुम्ही अडकलात, तर कोणाची काटकी उचलाल? आणि कोणी तुमच्या दारी अडकला, तर शेकोटी पेटवाल काय?

प्रभू आपणां सर्वांस तशी कृपा देवो. आमेन.