विकत घेतलेला कैवारी



या आठवड्याच्या उपदेशासाठीं आम्ही राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा १६ वा अध्याय व यशयाचा ७ वा अध्याय निवडला आहे. उपदेशक बंधूंनीं हे दोन्ही अध्याय मंडळीस आधीं वाचून दाखवावे, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल. प्रश्न असा आहे: शेजारी चालून आले असतां लहान राष्ट्रानें बलाढ्याचा आश्रय केला, तर त्यास काय मिळतें, व त्याचें काय जातें?

इ. स. पूर्वीं ७३४ च्या सुमारास यहूदाच्या गादीवर आहाज राजा होता. दिमिष्काचा राजा रसीन व इस्राएलाचा राजा पेकह हे दोघे मिळून त्याजवर चालून आले. एलाथ शहर अरामानें घेतलें व तेथील यहूदी लोकांस हांकून दिलें. राजा व प्रजा भयानें गर्भगळित झाली. अशा वेळीं तळ्याच्या पाटाजवळ यशया संदेष्टा राजास भेटला. त्यानें आपल्या मुलासही बरोबर नेलें होतें. त्या मुलाचें नांव शआर-याशूब, म्हणजे उरलेले परत येतील. संदेष्ट्याचें सांगणें एवढेंच कीं, हे दोन राजे विझत आलेलीं कोलितें आहेत. तूं शांत राहा, भिऊं नको, देवावर भिस्त ठेव.

आहाजानें तोंडानें भक्तीची भाषा केली, पण दूत धाडले ते अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याजकडे. देवाच्या मंदिरांतील व राजवाड्यांतील सोनेंरुपें त्यानें नजराणा म्हणून पाठविलें, आणि आपण त्याचे दास व पुत्र आहों असें कळविलें.

साह्य आलें नाहीं असें कोणी समजूं नये. तें खरोखर आलें. अश्शूरनें दिमिष्क घेतलें व रसीनास ठार केलें. शत्रु मेला, पण आहाज मोकळा झाला काय? तो दिमिष्कास आपल्या धन्याच्या भेटीस गेला, तेथील वेदी पाहून तशीच यरुशलेमांत करविली, आणि देवाची पितळी वेदी बाजूस सारिली. ज्यानें घर राखण्यासाठीं राखणदार ठेवला, त्यास आपल्या घरांतील देव्हाराही राखणदाराच्या मर्जीप्रमाणें मांडावा लागला. पुढें इ. स. पूर्वीं ७०१ मध्यें, त्याचा पुत्र हिज्कीया याच्या वेळीं, त्याच अश्शूरचें सैन्य यहूदाचीं तटबंदीचीं नगरें घेत यरुशलेमाच्या वेशीपर्यंत आलें.

हें जुन्या काळचें झालें. आतां आपल्याच काळांतील एक राष्ट्र पाहूं. आर्मेनिया हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढा असून तेथें सुमारें ३० लाख लोक राहतात. चवथ्या शतकाच्या आरंभीं तेथील राजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. असें करणारें तें पहिलेंच राज्य मानितात. १९१५ पासून तुर्की साम्राज्यांत त्या लोकांचा जो संहार झाला, त्याची आठवण घरोघर आहे. पूर्वेस आझरबैजान, पश्चिमेस तुर्कस्थान, आणि मध्यें काराबाख नांवाच्या डोंगरी मुलखाचा तंटा. सोव्हिएट राज्यांत हा मुलूख आझरबैजानाकडे होता, पण वस्ती बहुतेक आर्मेनियन होती. सोव्हिएट राज्य मोडलें तेव्हां युद्ध पेटलें. १९९४ मध्यें तें थांबलें, तेव्हां काराबाख व त्याच्या भोंवतालचा पुष्कळ मुलूख आर्मेनियन सैन्याच्या हातीं होता, आणि तेथील लाखों आझरी लोक घरेंदारें सोडून परागंदा झाले होते.

अशा स्थितींत आर्मेनियानें रशियाचा हात धरिला. १९९२ मध्यें परस्पर-रक्षणाचा करार झाला. ग्युम्री शहरीं रशियाचा तळ राहिला. तुर्कस्थानानें १९९३ मध्यें आपली सीमा बंद केली होती. मग लहान राष्ट्रानें दुसरें दार कोठें ठोठवावें? या लोकांस दोष देण्यास आम्ही धजत नाहीं. बुडणारा मनुष्य हात कोणाचा आहे हें विचारीत बसत नाहीं.

परंतु तो कैवारी आझरबैजानासही शस्त्रें विकीत होता. २०२० च्या सप्टेंबरांत आझरबैजानानें मोठें युद्ध आरंभिलें. रशियानें सांगितलें कीं, आमचा करार आर्मेनियाच्या भूमीपुरता आहे, काराबाखाचा त्यांत समावेश नाहीं. ४४ दिवसांनीं लढाई थांबली ती रशियाच्याच मध्यस्थीनें, आणि सुमारें २,००० रशियन शांतिसैनिक काराबाखांत उतरले. २०२२ च्या सप्टेंबरांत खुद्द आर्मेनियाच्या भूमीवर हल्ला झाला, तेव्हां करारांतील मंडळीनें पाहणी करणारीं माणसें पाठविलीं, सैन्य पाठविलें नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काराबाखास जाणारा एकुलता एक रस्ता अडविला गेला. महिनेच्या महिने अन्न व औषधें यांची टंचाई झाली. १९ सप्टेंबर २०२३ रोजीं शेवटचा हल्ला झाला, आणि एका दिवसांत सर्व संपलें. शांतिसैनिक तेथेंच होते. आठवड्याच्या सुमारास एक लाखाहून अधिक माणसें घरांस कुलपें लावून निघून गेलीं. मागें देवळें राहिलीं, घंटा वाजविणारा राहिला नाहीं.

यावरून आपण काय शिकावें?

पहिली गोष्ट ही कीं, बलाढ्य आपल्या प्रयोजनासाठीं येतो व आपल्या प्रयोजनासाठीं थांबतो. त्यास दुष्ट म्हणण्याचें कारण नाहीं. पण त्यास देव मानणें हें पाप आहे. त्याच्या कराराचा अर्थ संकटाच्या दिवशीं तोच सांगतो.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. मोठ्याच्या सावलींत बसलेला मनुष्य शेजाऱ्याशीं समेट करण्याचें लांबणीवर टाकतो. १९९४ पासून २०२० पर्यंत २६ वर्षें लढाई बहुतांशीं थांबलेली होती. या काळांत बोलणीं पुष्कळ झालीं, तह झाला नाहीं. परागंदा आझरी कुटुंबांस परत जातां आलें नाहीं, आणि त्यांच्या मुलांच्या मनांत राग वाढत गेला. जिंकलेला मुलूख आपणांस राखील असें एका बाजूस वाटलें. आज ना उद्यां तो बळानें परत घेऊं असें दुसऱ्या बाजूस वाटलें. शेवटीं दोहोंकडील गरीबांनींच बिऱ्हाडें पाठीवर घेतलीं.

तिसरी गोष्ट. येथें कोणी श्रद्धावान विचारील, ते लोक तर देवाची प्रार्थना करीत होते, मग त्यांची भूमि कां गेली? या प्रश्नास आम्ही हलकें उत्तर देणार नाहीं. विश्वास धरणाऱ्याची जमीन कधींच जाणार नाहीं असें वचन यशयानें दिलें नव्हतें. त्याच्या मुलाचें नांवच सांगत होतें कीं, पुष्कळ कांहीं जाईल, पण कांहीं उरेल. देवानें राखावयाचें वचन दिलें तें उरलेल्यांस. भूमि गेली तरी जो शेजाऱ्याचा द्वेष बरोबर नेत नाहीं, तो देवाच्या हातून गेला नाहीं.

२०२४ च्या फेब्रुवारींत आर्मेनियानें रशियाबरोबरच्या करारांतील आपला सहभाग थांबविल्याचें जाहीर केलें. ८ ऑगस्ट २०२५ रोजीं अमेरिकेच्या राजधानींत, त्या देशाच्या अध्यक्षासमोर, दोन्ही शेजाऱ्यांच्या तहाच्या मसुद्यावर आद्याक्षरें झालीं. शेजारी शेजाऱ्याशीं बोलूं लागला याबद्दल देवाचे आभार मानूं. तथापि एका मोठ्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरणें एवढ्यानेंच कोणी निर्भय होत नाहीं, हेंही आम्ही सांगून ठेवितों.

आणि बंधूंनो, या गोष्टींत आपण केवळ पाहणारे नाहीं. २०२२ मध्यें आर्मेनियानें आपल्या देशाकडे पिनाका नांवाच्या रॉकेटांच्या यंत्रणेची मागणी केली. तिची रचना पुण्याच्या सरकारी संस्थेंत झालेली आहे. म्हणजे लहान राष्ट्र आतां आपल्याही दाराशीं उभें आहे. देतांना आपण कशासाठीं देतों, आणि संकटाच्या दिवशीं शब्द कितपत पाळूं, हें विचारणें आपलेंही कर्तव्य आहे.

गांवांतही हाच धडा लागू आहे. बांधाचा तंटा पडला कीं आपण कोणा वजनदार माणसाच्या ओसरीवर जातों. न्याय मागण्यास जाणें अयोग्य नाहीं. परंतु जातांना देवघरांतील काय काढून नेतों, तें पाहावें. आणि जाण्यापूर्वीं एकदां बांधापलीकडच्या मनुष्याशीं बोलावें. आहाजास दूर अश्शूरपर्यंतचा रस्ता सांपडला. जवळचा संदेष्टा मात्र त्याच्यापुढें पाटापाशींच उभा होता.

काराबाखांतून निघालेल्या आर्मेनियन कुटुंबांसाठीं, आणि त्यांच्या आधीं निघालेल्या आझरी कुटुंबांसाठीं, या रविवारीं प्रत्येक मंडळीनें एकाच प्रार्थनेंत देवाकडे विनंति करावी, अशी आमची सर्व उपदेशक बंधूंस सूचना आहे.