झिजलेल्याचं देणं

मराठीत झिजण्याला मोठा मान आहे. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाबद्दल ‘चंदनासारखा झिजला’ असं आपण म्हणतो. शोकसभेत बोलतो, मानपत्रात छापतो. मात्र ते खोड सहाणेवर धरलं कोणी आणि गंध कोणाच्या कपाळी लागलं, हे सहसा कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न कुठल्या ग्रंथामुळे पडला नाही, हवेच्या एका लहानशा पंपामुळे पडला. त्या पंपाची रचना थोडी सांगावी लागेल, कारण मला जे म्हणायचं आहे ते त्या रचनेतच आहे.

मी बरीच वर्षं बंगळुरूत राहतो. माझ्याकडे वीस वर्षांची एक फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. तिला पोलादी स्प्रिंगा नाहीत, एअर सस्पेन्शन आहे. 1992 साली रेंज रोव्हरमध्ये अशी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली आणि पुढे डोंगरदऱ्यांत जाणाऱ्या अनेक महागड्या गाड्यांनी ती उचलली. चार चाकांवर रबराचे चार बलून असतात आणि गाडीचं दोन-अडीच टन वजन त्यांतल्या हवेवर तोललेलं असतं. खडकाळ वाट आली की बलूनमध्ये जास्त हवा भरून गाडी उंच होते, हमरस्त्यावर ती खाली बसते. ही हवा एकच छोटा कॉम्प्रेसर पुरवतो : बारा व्होल्टची मोटर, एक पिस्टन, एक सिलिंडर. त्याला तेल चालत नाही, कारण ते हवेबरोबर पुढे जाईल. म्हणून पिस्टनवर टेफ्लॉनची रिंग असते आणि ती कोरडीच घासते. झीज रचनेतच धरलेली आहे. मात्र ती थोडा वेळ काम आणि मग विश्रांती, या हिशेबाने.

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. गाडी आधी हळू उचलते, मग उचलतच नाही. पंप घरघरत राहतो, तापतो, तापला की सुरक्षेसाठी बंद पडतो. गाडीचा संगणक नोंद करतो की दाब वेळेत तयार झाला नाही. निदान सोपं वाटतं : पंप गेला, नवा घाला. जे. सी. रोडवरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात मला तेच सांगण्यात आलं. शिवाजीनगरच्या मेकॅनिकने मात्र पंपाकडे पाहिलंही नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारून त्याच्या दख्खनीत म्हणाला, “हवा किधर तो भी जारी साब, इने क्या करेगा?”

त्याच्या सांगण्यावरून रात्री चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, सकाळी पुन्हा मोजलं. मागचा डावा कोपरा चार सेंटिमीटर खाली आला होता. बलूनवर साबणाचं पाणी मारलं, तर जिथे रबराची घडी पडते तिथल्या बारीक भेगांतून बुडबुडे आले. रात्रभर गेलेली हवा सकाळी पंपाने भरायची, आणि दिवसभर दर थोड्या वेळाने पुन्हा भरायची. थोडा वेळ चालण्यासाठी केलेलं यंत्र असं जवळजवळ अखंड राबत होतं.

यात आणखी एक बारकावा आहे. पंपाला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा एक ड्रायर जोडलेला असतो. गाडी खाली घेताना बाहेर पडणारी हवा त्याच दाण्यांतून उलटी जाते आणि जाताना त्यांचा ओलावा घेऊन जाते. म्हणजे श्वास सोडणं हाही कामाचाच भाग आहे. गळक्या गाडीत हवा भलत्याच वाटेने निसटते. दाणे ओलेच राहतात, त्यांचा भुगा होतो आणि तो व्हॉल्व्हमध्ये अडकतो. नवा पंप घातला आणि गळती तशीच ठेवली, तर त्याचीही हीच गत होते.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण अन्यायाबद्दल वापरतो, पण असा अन्याय होण्यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही. पंपावर संशय जातो कारण आवाज त्याचा येतो. गळतीला आवाज नसतो. जो काम करतो त्याचंच अपयश मोजता येतं, त्यामुळे तक्रारही त्याच्याच नावावर नोंदली जाते.

कऱ्हाडच्या माझ्या मावशीने सासूबाईंचं अंथरुणातलं दुखणं नऊ वर्षं काढलं. सातव्या वर्षी ती वस्सकन अंगावर यायला लागली, औषधांच्या वेळा विसरायला लागली. घरात निदान झालं : तिला हल्ली झेपत नाही. उपायही निघाले. आठ दिवस महाबळेश्वरला जाऊन ये, नाहीतर दिवसा एखादी बाई ठेवू. रात्री कोणी उठायचं, या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. इथे एक फरक नीट करायला हवा. सासूबाईंचं आजारपण ही गळती नव्हती. ते वजन होतं आणि ते पेलायलाच हवं होतं. तिन्ही मुलांनी आपापला जो वाटा निमूटपणे सोडून दिला, ती गळती होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तो आजार मानला नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम मानला. घर हे कामाचं ठिकाण त्या व्याख्येत बसत नाही. मावशी तरी त्यात कशी बसणार?

इथपर्यंतचा विचार आपल्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना पटकन पटतो. दोष व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे, असं म्हटलं की बरं वाटतं. पण पंपाने मला शिकवलेला दुसरा अर्धा भाग अधिक अवघड आहे. बलून बदलला, गळती थांबली, तरी गाडी उचलेना. कारण रिंग झिजली होती. ती कोणामुळे झिजली हे कळल्याने ती पुन्हा जाड होत नाही.

सासूबाई गेल्यावर मावशीला सगळे म्हणाले, “आता सुटलीस.” ती अजून रात्री अडीचला जागी होते. उचलून-उचलून गेलेला उजवा खांदा वर होत नाही. वर्षश्राद्धाला धाकटे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी चंदनासारख्या झिजल्या.” खांद्याच्या फिजिओथेरपीचे पैसे तिने स्वतःच्या भिशीतून भरले.

म्हणजे देणं दुहेरी आहे. गळती न शोधता झिजलेल्याला बदलणं हा एक अन्याय. गळती सापडली म्हणून समाधान मानून झिजलेल्याला तसंच सोडणं हा दुसरा, आणि तो जास्त सभ्य दिसतो म्हणून जास्त टिकतो. पंपाच्या बाबतीत हे देणं फार मोठं नव्हतं. एक रिंग, काही ओ-रिंगा, ड्रायरचे नवे दाणे आणि एक रविवार. गाडी स्टँडवर घेतली, कारण हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणी जायचं नसतं. हेड उघडलं तर सिलिंडरमध्ये काळी पूड होती. ती रिंगचीच होती. ती पुसताना तिला कसलाही सुगंध नव्हता.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत. ज्याला उद्या सकाळी रुग्णाला घेऊन निघायचं आहे, त्याने नवा पंप घालावा. जुना उघडून बसायला त्याला वेळ नाही. मान्य, पण गळती त्यालाही शोधावीच लागेल. दुसरे म्हणतील, हवेचा कारभारच काढून टाका, गाडी कॉइलवर टाका. हा मार्गही प्रामाणिक आहे. त्यात आपण कबूल करतो की आपल्याला आता एवढी उंची नको, आणि ती मागणी सोडून देतो. उंची हवी, गळती चालेल आणि आवाज मात्र नको, ही चौथी वाट तेवढी नैतिक नाही. आपली बरीच घरं आणि कचेऱ्या याच वाटेने चालतात.

मराठीत ‘झीज भरून काढणे’ असाही एक प्रयोग आहे. तो बहुधा हाडांबद्दल किंवा नुकसानीबद्दल वापरला जातो. त्यात स्तुती नाही, फक्त हिशेब आहे. चंदनाच्या उपमेत झिजणारा थोर ठरतो आणि बाकीचे मोकळे होतात. या दुसऱ्या प्रयोगात कोणी थोर ठरत नाही, पण झीज भरून काढणारा कोणीतरी लागतो. जवळचं कोणी घरघरायला लागलं, तर हवा कुठून जाते आहे हे आधी बघावं. ते सापडल्यावर हात झटकून उठू नये. झिजलेल्याचं काम अजून बाकी असतं.